विकृती, व्याधी आणि अपराध

बालकावरील अत्याचाराची बातमी आली की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत 'नराधम', 'वासनांध' आणि 'विकृत' हे तीन शब्द ठरल्याप्रमाणे अवतरतात. संताप स्वाभाविक आहे. ज्या समाजाला अशा वार्तेने संताप येत नाही, त्या समाजाच्या अंतःकरणात काहीतरी मेले आहे असे खुशाल समजावे. तथापि या तीन शब्दांतील तिसरा शब्द पहिल्या दोहोंच्या जातीचा नाही. 'नराधम' आणि 'वासनांध' ही निंदा आहे. 'विकृत' हे निंदेच्या वेषात आलेले निदान आहे. तो उच्चारताना आपण नकळत तीन गोष्टी गृहीत धरतो : हा अपराधी रोगी असणार, त्याचा रोग चेहऱ्यावर दिसत असणार, आणि असा मनुष्य आपल्यासारख्यांच्या घरात नसणार. ही तिन्ही गृहीतके चुकीची आहेत आणि त्यांची किंमत लहान मुले मोजत आहेत.

विषय अप्रिय आहे. कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या साप्ताहिकात त्याची चर्चा करावी काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. परंतु याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ सालापासून 'समाजस्वास्थ्य' मासिक खटले अंगावर घेऊन चालवले. त्यांची सगळीच मते मान्य असण्याचे कारण नाही. पण जो विषय आपण घरात बोलत नाही, तो मुलांना बाहेर कोणीतरी शिकवतोच, आणि शिकवणाऱ्याचा हेतू शुद्ध असतोच असे नाही, हे सत्य तेव्हाही होते आणि आजही आहे.

नामकरणाची वाटचाल

असाधारण कामवृत्तींची नोंद घेणे ही काही पाश्चात्त्यांची मक्तेदारी नव्हे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 'ईर्ष्यक' नावाच्या पुरुषाचे वर्णन आहे. दुसऱ्यांचा समागम पाहिल्यावाचून ज्याची कामेच्छा जागृत होत नाही, तो ईर्ष्यक. चरकसंहितेतही अशा प्रकारांची गणना आढळते. हे विवेचन गर्भोत्पत्ती आणि बीजदोष यांच्या अंगाने केलेले असल्यामुळे त्यात आजचे मनोविकारशास्त्र शोधण्याचा अट्टाहास करू नये. एवढे मात्र खरे की, त्या वैद्यांनी जे पाहिले ते संकोच न करता आणि आरडाओरडा न करता नोंदवले. ही वैद्यकीय वृत्ती आपण पुढे हरवून बसलो.

युरोपात या विषयाची पहिली मोठी मांडणी १८८६ साली झाली. रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाने 'सायकोपॅथिया सेक्शुॲलिस' हा ग्रंथ वैद्य आणि न्यायाधीश या दोघांना समोर ठेवून लिहिला. रोग आणि अपराध यांच्या सीमेवरचा हा प्रश्न तेव्हापासून दवाखाना आणि न्यायालय अशा दोन्ही दारांशी उभा आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५२ साली मनोविकारांची आपली पहिली अधिकृत सूची प्रसिद्ध केली. डीएसएम या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. तीत या वृत्तींना 'लैंगिक विचलन' म्हटले होते आणि त्यांची गणना समाजविघातक व्यक्तिमत्त्वाच्या सदरात केली होती. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत 'पॅराफिलिया' हा शब्द आला. ग्रीक भाषेतील 'पॅरा' म्हणजे बाजूचे आणि 'फिलिया' म्हणजे प्रेम. मुख्य वाटेच्या बाजूला गेलेली आसक्ती, असा त्याचा अर्थ. शब्द बदलला तो केवळ सौजन्यापोटी नव्हे. शिवी बाजूला ठेवल्याखेरीज तपासणी करता येत नाही, हे त्यामागचे कारण होते.

वृत्ती निराळी, व्याधी निराळी

खरी सुस्पष्टता २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत आली. या आवृत्तीने 'पॅराफिलिया' आणि 'पॅराफिलिक डिसऑर्डर' यांच्यात, म्हणजे असाधारण आसक्ती आणि त्या आसक्तीची व्याधी यांच्यात, भेद केला. आसक्ती असाधारण आहे एवढ्यावरून कोणी रोगी ठरत नाही. ती उत्कट असावी, किमान सहा महिने टिकून असावी, आणि शिवाय पुढील दोहोंपैकी एक गोष्ट घडलेली असावी : त्या आसक्तीमुळे त्या व्यक्तीला स्वतःला तीव्र मनस्ताप होत असेल किंवा तिचे जीवनव्यवहार कोलमडत असतील, अथवा तिने संमती नसलेल्या दुसऱ्या कोणावर ती कृतीत उतरवली असेल.

या सूचीत आठ व्याधींचा नामनिर्देश आहे. बेसावध व्यक्तीला विवस्त्र अवस्थेत किंवा खाजगी क्षणी चोरून पाहणे, अनोळखी माणसांसमोर गुप्तांगाचे प्रदर्शन, गर्दीत परक्याच्या अंगाशी लगट, अल्पवयीन बालकांविषयी लैंगिक आकर्षण, परपीडन, स्वपीडन, निर्जीव वस्तूंविषयी किंवा शरीराच्या विशिष्ट भागाविषयी आसक्ती, आणि विरुद्धलिंगी वेशभूषेतून मिळणारी कामोत्तेजना. बालकांविषयीच्या व्याधीचे निकष अधिक काटेकोर आहेत. आकर्षण सामान्यतः तेरा वर्षे किंवा त्याहून कमी वयाच्या, वयात न आलेल्या मुलांविषयी असावे. आणि संबंधित व्यक्ती किमान सोळा वर्षांची व त्या मुलाहून किमान पाच वर्षांनी मोठी असावी.

जागतिक आरोग्य संघटनेची रोगसूची आपल्या देशात अधिक महत्त्वाची आहे. तिची अकरावी आवृत्ती २०१९ साली स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिने आणखी एक पाऊल टाकले. वस्तूविषयक आसक्ती, वेशभूषेतून येणारी उत्तेजना आणि प्रौढांतील परस्परसंमतीचे पीडन-व्यवहार ही नावे स्वतंत्र व्याधी म्हणून तिने वगळली. प्रदर्शन, चोरून पाहणे, गर्दीतील लगट, बालकांविषयीचे आकर्षण आणि बळजबरीचे परपीडन या व्याधी मात्र कायम ठेवल्या. दोहोंमधली रेषा कोणती? संमतीची. ज्यात दुसऱ्याची संमती नाही, किंवा जो संमती देण्यास समर्थच नाही, तिथे शास्त्राने सूट दिलेली नाही.

हा मुद्दा नीट ध्यानात घ्यावयास हवा. 'आज एक गोष्ट सूचीतून काढली, उद्या बालकांवरील आसक्तीही नैसर्गिक ठरवतील,' अशी भीती पुष्कळ सज्जन व्यक्त करतात. समलैंगिकता १९७३ साली अमेरिकन सूचीतून वगळली गेली आणि भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ साली ती व्याधी नसल्याचे जाहीर केले, याचा दाखला ते देतात. पण ज्या कसोटीवर दोन प्रौढांचा संबंध सूचीबाहेर गेला, त्याच कसोटीवर बालकाचा प्रश्न सूचीत पक्का बसलेला आहे. २०१३ च्या आवृत्तीत बालकांविषयीच्या आकर्षणासंदर्भात एके ठिकाणी 'लैंगिक कल' या अर्थाचा शब्द छापला गेला आणि मोठे काहूर उठले. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर संघटनेने ही चूक असल्याचे जाहीर केले. तिथे 'लैंगिक आकर्षण' हवे होते असे स्पष्ट करून, बालकांचे शोषण करणाऱ्यांवर फौजदारी कारवाई झालीच पाहिजे, अशी ग्वाही दिली. रेषा हलली नाही. ती का आखली आहे हे समजून घेतले, तर भीतीला जागा उरत नाही.

निदान म्हणजे निवाडा नव्हे

निदान कसे होते? सविस्तर मुलाखत, बालपणापासूनचा इतिवृत्तान्त, कुटुंबीयांकडून मिळणारी माहिती, पोलिसांची कागदपत्रे, अन्य मनोविकारांची तपासणी, हा सारा खटाटोप त्यात येतो. कारण सारखे दिसणारे वर्तन निरनिराळ्या मुळांतून उगवते. उन्माद, स्मृतिभ्रंश, मद्यपान, कंपवातावरील काही औषधे यांच्या प्रभावाखालीही मनुष्याचा लैंगिक संयम सुटू शकतो. २००३ साली अमेरिकेतील दोन मेंदूविकारतज्ज्ञांनी एका चाळीस वर्षीय गृहस्थाची हकिगत प्रसिद्ध केली. पूर्वायुष्यात असे काहीही नसताना त्याला अचानक बालकांविषयी विकारी आकर्षण वाटू लागले होते. त्याच्या मेंदूच्या पुढील भागात गाठ आढळली. ती काढताच आकर्षण नाहीसे झाले. गाठ पुन्हा वाढू लागली तेव्हा ते परतले. अशी उदाहरणे विरळा असतात. पण उतारवयात एखाद्याचे वर्तन एकाएकी पालटले, तर आधी मेंदूची तपासणी करावी, हा धडा त्यातून मिळतोच.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मंत्रचळाच्या काही रुग्णांच्या मनात 'माझ्या हातून मुलाला काही होईल काय' असा भयंकर विचार वारंवार घुसतो. त्यांना त्या विचाराची शिसारी येते, ते स्वतःच्या लेकरालाही जवळ घेईनासे होतात. ही व्याधी सर्वस्वी वेगळी आहे आणि औषधोपचार व मानसोपचार यांनी आटोक्यात येते. एखाद्या तरुण मातेला वा पित्याला अशा विचारांनी ग्रासले असता घरच्यांनी 'विकृत' म्हणून झिडकारले, तर केवढा अन्याय होईल!

शब्दांची शिस्त सुटली की काय घडते, हे अमेरिकेने अनुभवले आहे. तेथील काही राज्यांनी १९९० नंतर असे कायदे केले की, शिक्षा भोगून संपली तरी मानसिक विकाराच्या कारणाने लैंगिक गुन्हेगाराला अनिश्चित काळ स्थानबद्ध ठेवता यावे. १९९७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कॅन्ससच्या कायद्याला पाच विरुद्ध चार मतांनी मान्यता दिली. त्याआधी १९९४ च्या डीएसएम आवृत्तीत कल्पना, ऊर्मी 'किंवा' वर्तन अशी शब्दरचना आली होती. त्या 'किंवा'चा आधार घेऊन, मनात कोणती आसक्ती आहे हे न तपासता, केवळ गुन्ह्यावरून व्याधी ठरवण्याचा प्रघात न्यायालयांत पडला. त्या आवृत्तीच्या समितीचे प्रमुख ॲलन फ्रान्सिस आणि त्यांचे सहकारी मायकेल फर्स्ट यांनीच २००८ साली लेख लिहून हा अर्थ आपल्याला अभिप्रेत नव्हता असे सांगितले. एका उभयान्वयी अव्ययाने माणसांच्या बंदिवासाचा निकाल लागत होता!

याच्या नेमका उलट धोकाही तेव्हाच समोर आला. बळजबरीच्या वृत्तीला स्वतंत्र व्याधीचे नाव द्यावे, असा प्रस्ताव पाचव्या आवृत्तीच्या वेळी आला होता. तो स्वीकारला गेला नाही. बलात्काराला रोगाचे नाव मिळाले असते, तर न्यायालयात तो अपराध्याच्या बचावाची ढाल झाला असता, हा आक्षेपकांचा एक महत्त्वाचा मुद्दा होता. बलात्कारामागे बहुधा सत्ता असते, सूड असतो, संधी असते आणि शिक्षा होणार नाही हा विश्वास असतो. या गोष्टींना औषध नसते.

आपला कायदा काय म्हणतो

आपल्याकडे ही सीमारेषा पुरेशी स्पष्ट आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २२, जे पूर्वी दंडसंहितेचे कलम ८४ होते, त्यानुसार मनोविकाराचा बचाव तेव्हाच चालतो, जेव्हा कृत्याचे स्वरूप अथवा ते गैर वा बेकायदा आहे हे कळण्याचीच क्षमता मनुष्यात नसते. मुलाला एकांतात नेणारा, खाऊचे आमिष दाखवणारा, 'कोणाला सांगितलेस तर बघ' असे धमकावणारा मनुष्य आपण काय करतो हे पुरते जाणतो. त्याच्या धमकीतच त्याची शुद्ध सिद्ध होते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यानेही सांगून ठेवले आहे की, केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून कोणी विकल मनाचा ठरत नाही. तो निर्णय न्यायालयाचा. त्याच कायद्यात असेही बजावले आहे की, समाजाच्या प्रचलित नैतिक वा धार्मिक मूल्यांशी जुळत नाही एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. म्हणजे रोगाचा शिक्का शिक्षा चुकवण्यासाठी वापरता येत नाही, तसाच नावडत्या माणसाच्या कपाळावरही मारता येत नाही.

दुसरी बाब वयाची. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या दृष्टीने अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे; वैद्यकीय निकष मात्र तेरा वर्षांच्या आसपास थांबतो. सोळा वर्षांच्या मुलीचे शोषण करणारा शिकवणीचा मास्तर वैद्यकाच्या दृष्टीने बहुधा कोणत्याही व्याधीत बसणार नाही, पण कायद्याच्या दृष्टीने तो पुरता अपराधी आहे. संशोधकांच्या अंदाजानुसार बालकांवर अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनाच बालकांविषयीच्या आकर्षणाची व्याधी असते. उरलेले संधिसाधू असतात. दुर्बळ, मुकाट आणि हाताशी असलेले सावज म्हणून ते मूल निवडतात. 'विकृत' शोधत बसलो, तर हे निम्मे आपल्या दृष्टीतून कायमचे निसटतात.

उंबरठ्याच्या आत

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी झाली होती. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी एक वा अधिक प्रकारचा लैंगिक अत्याचार अनुभवल्याचे सांगितले, आणि निम्म्या अत्याचारी व्यक्ती मुलाच्या ओळखीच्या किंवा विश्वासाच्या होत्या. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवालही वर्षानुवर्षे हेच सांगतात की, बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी पीडितेच्या परिचयाचा असतो. नातेवाईक, शेजारी, शिक्षक, घरी येणारा-जाणारा. त्याचा चेहरा राक्षसाचा नसतो. तो सणाला घरी येतो, वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, मुलांना खांद्यावर घेऊन जत्रेला नेतो. म्हणून मूल जेव्हा 'मला काकांकडे जायचे नाही' म्हणते, तेव्हा 'असे बोलू नये' हा संस्कार त्याला शिकवण्यापूर्वी 'का रे बाळा?' हा प्रश्न विचारावा. वडीलधाऱ्यांचा मान राखणे हा आपला संस्कार आहेच. पण मुलाच्या शरीराचा मानही त्याच संस्कारात बसतो.

अपराध घडण्यापूर्वी

आता अधिक अवघड प्रश्न. ज्याच्या मनात बालकांविषयी आकर्षण आहे, पण ज्याने अजून काही केलेले नाही, त्याचे काय करायचे? अनेकांना या आकर्षणाची जाणीव पौगंडावस्थेतच होते. ते कोणी मागून घेतलेले नसते. कृतीची जबाबदारी मात्र पूर्णतः त्याची असते. बर्लिनच्या शारिते रुग्णालयाने २००५ साली अशा लोकांना उघड आवाहन करून गोपनीय आणि विनामूल्य उपचार सुरू केले, आणि हा उपक्रम पुढे जर्मनीच्या अन्य शहरांत पसरला. त्याच्या परिणामांविषयी संशोधकांत मतभेद आहेत. पण अपराधापूर्वी दार ठोठावणारे लोक असतात, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले. स्वीडनमध्ये ५२ पुरुषांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पुरुषी संप्रेरक रोखणाऱ्या एका इंजेक्शनाने दोन आठवड्यांत धोक्याची लक्षणे घटल्याचे दिसले. हे औषध त्यांनी स्वेच्छेने घेतले होते. आपल्याकडे अधूनमधून अपराध्यांना सक्तीने रासायनिक उपायाने नपुंसक करण्याची मागणी उसळते. न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ साली विचारपूर्वक तिला नकार दिला होता. ज्याच्या अपराधाचे मूळ सत्तेच्या मदात आहे, त्याचे संप्रेरक रोखून काय साधणार?

आपल्या वाटेत एक कायदेशीर पेचही आहे. पॉक्सोच्या कलम १९ नुसार अपराध घडल्याचे कळले, किंवा तो घडण्याची शक्यता वाटली, तरी पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. घडलेल्या अपराधाबाबत हे बंधन अत्यावश्यकच आहे, त्यात तसूभरही ढिलाई नको. परंतु ज्याने काहीच केलेले नाही आणि जो 'मला वाचवा' म्हणून डॉक्टरांकडे येतो, त्याच्याबाबत डॉक्टरांचे कर्तव्य नेमके काय, हे शासनाने नियमांद्वारे स्पष्ट करावयास हवे. अन्यथा तो येणारच नाही, आणि तो आला नाही याची किंमत कोणतेतरी मूल देईल. शिवाय जिथे लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ सरासरीने वाट्याला येत नाही, तिथे जिल्हा रुग्णालयांत या विषयाचे प्रशिक्षण असलेले मानसतज्ज्ञ नेमण्याची मागणी फाशीच्या मागणीइतक्याच मोठ्या आवाजात व्हायला हवी.

शेवटी आपल्या सर्वांच्या संस्थांविषयी. या पानांचे वाचक केवळ वाचक नाहीत. त्यांपैकी अनेक जण वसतिगृहे चालवतात, संस्कारवर्ग घेतात, शिबिरे भरवतात, परक्यांची मुले विश्वासाने सांभाळतात. तिथे कार्यकर्त्याच्या चारित्र्यावरील श्रद्धा पुरेशी नाही, नियम हवेत. कोणीही प्रौढ व्यक्ती बंद खोलीत एकट्या मुलासोबत राहणार नाही. मुलांच्या निवासात रात्री किमान दोन जबाबदार व्यक्ती असतील. मुलांना कोणाकडे तक्रार करायची हे ठाऊक असेल, आणि १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक भिंतीवर ठळक लिहिलेला असेल. मनाच्या विचारांनी हैराण झालेल्यासाठी 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांकही तिथेच असावा. आणि तक्रार आलीच, तर 'संस्थेची बदनामी होईल' हे वाक्य बैठकीत कोणी उच्चारणार नाही. ज्या संस्थेने तक्रार दडपली, तिची प्रतिष्ठा त्याच क्षणी संपलेली असते. लोकांना कळायला तेवढा वेळ लागतो.

रोग्याला वैद्य मिळावा आणि अपराध्याला शिक्षा. दोन्ही एकाच माणसाच्या ठायी असतील, तर त्याला दोन्ही मिळावे. एकाच्या मोबदल्यात दुसरे माफ होऊ नये. हा विवेक ज्या समाजाकडे असेल, त्याला 'विकृत' हा शब्द ओरडून वापरण्याची गरज पडणार नाही. त्याचे लक्ष मुलांकडे असेल.